आत म्हणजे आत

टेनिसमध्ये चेंडू रेषेच्या बाहेर पडला तरच ओरडायचं असतं. आत पडला तर गुमान खेळत राहायचं. माझ्या आत्याला हे लहानपणी कुणी सांगितलं नाही, आणि जाणकार सांगायला आले तोवर उशीर झाला होता. समोरचीचा चेंडू आत पडला की ती खणखणीत आवाजात “आत!” म्हणायची आणि मग तो परतवायची. राज्याचं अजिंक्यपद मिळवलं तेव्हाही म्हणत होती, देशाचं मिळवलं तेव्हाही. परदेशात एकदाच खेळायला गेली, पहिल्याच फेरीत हरली, पण आपल्या भाषेतला तेवढा एक शब्द तिथल्या पंचाला शिकवून आली.

याचं मूळ आमच्या आजोबांकडे, म्हणजे तिच्या वडिलांकडे. ते क्लबच्या टेनिस कोर्टांची देखभाल करायचे. सकाळी लाल मातीवर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा आणि मग दोरी ताणून चुन्याच्या फक्कीने रेषा आखायच्या. मेंबर यायच्या आधी थोडा वेळ कोर्ट बापलेकीचं असायचं. आजोबा पलीकडून मेंबरांनी टाकून दिलेले, टक्कल पडलेले चेंडू मारायचे आणि प्रत्येक चेंडूला विचारायचे, “आत की बाहेर?” त्यांना टेनिसचं फारसं कौतुक नव्हतं. पोरीने आपली रेष नीट बघितली की नाही, एवढीच त्यांची चौकशी. पोरगी आधी उत्तर द्यायची, मग पळायची. ती सवय अंगात मुरली ती मुरलीच.

घरात या शब्दाची आम्ही यथेच्छ टिंगल केली. दाराची बेल वाजली की आत्या स्वयंपाकघरातून “आत!” असा पुकारा करते, नवखा माणूस दचकून दोन पावलं मागे सरकतो. माझे आतोबा म्हणतात, “लग्नाआधी मला वाटायचं, ही तुरुंगात नोकरीला आहे.” ती होती टेलिफोन ऑफिसात. आतोबा गणिताचे मास्तर. एवढी वर्षं चॅम्पियन बायकोशी संसार केला, पण टेनिसचे गुण त्यांच्या घशाखाली कधी उतरले नाहीत. “पंधरा, तीस आणि मग चाळीस? पुढचे पाच कुणी खाल्ले?” असं ते दर सामन्याला विचारतात, आणि आत्या दर सामन्याला त्यांच्याकडे दुर्लक्ष करते.

आत्याच्या गोष्टीत दुसरी एक बाई आली नाही तर गोष्ट पुरी होत नाही. तिला सगळे भिंत म्हणतात, कारण काहीही मारा, परत येतं. पोटापाण्यासाठी ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची आणि जीव तोडून टेनिस खेळायची. पण फायनलला समोर आत्या असली की तिच्या वाट्याला दुसरा नंबर ठरलेला. देशाच्या अजिंक्यपदाच्या फायनलमध्ये ऐन मोक्याला भिंतीचा एक चेंडू पंचांनी बाहेर दिला. आत्या म्हणाली, “आत.” पंच म्हणाले, बाहेर. आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि पॉइंट भिंतीला मिळेपर्यंत हलली नाही. मग सामना जिंकली ती गोष्ट वेगळी.

मातीच्या कोर्टावर चेंडूची खूण उमटते. शंका आली की समोरचा जाळी ओलांडून येतो आणि खूण बघून जातो. रीतच आहे ती. त्या फायनलनंतर भिंत आत्याच्या बाजूला खूण बघायला म्हणून कधीच आली नाही. आत्या म्हणेल ते खरं. पुढे पुढे तर क्लबात दुसऱ्या कुणा दोघींचा वाद झाला तरी आत्यालाच विचारायची सवय लागली. कप कपाटात धूळ खात पडलेत, त्यांचं आत्याला काही नाही. पण आपला शब्द कुणी तपासत नाही याचा तिला भारी अभिमान, आणि तो ती लपवतही नाही.

साठी ओलांडली आणि आत्याने ओतलेला चहा कपाऐवजी बशीत पडू लागला. एकदा खुंटीवरच्या माझ्या रेनकोटला म्हणाली, “कधी आलीस गं? बस की.”

“आत्या, डोळे दाखवून घे,” मी म्हटलं.

“चांगले चालतायत. रोज तुझ्या आतोबावर वटारते.”

शेवटी मी तिला अक्षरशः ओढत नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे. आत्या म्हणाली, नाही. आजोबांचं असंच साधं ऑपरेशन झालं होतं. ते बिघडलं, एक डोळा गेला. मग त्यांनी आखलेल्या रेषा मेंबरांना वाकड्या दिसायला लागल्या आणि काम सुटलं. घरी बसलेल्या बापाला तिने पाहिलं होतं, खोलीच्या भिंतीकडे तोंड करून बसलेलं.

“आहे तेवढं तरी दिसतंय,” ती मला म्हणाली. “तेही गेलं तर मी कोर्टावर कशाला जाऊ? आणि हे कुणाला सांगायचं नाही. आंधळीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?”

आजोबांच्याच क्लबात साठीपुढच्या बायकांची स्पर्धा तोंडावर होती. “ती होऊ दे, मग बघू,” म्हणाली. तिचं ‘मग बघू’ म्हणजे ‘नाही’, हे मी जन्मापासून ओळखते. असा संताप आला होता! पण तिच्यापुढे कुणाचं चाललंय?

फायनलला ती पोचली, आणि समोर अर्थात भिंत. साठीपुढच्यांना पंच देत नाहीत, त्यांच्या भांडणात पडायची कुणाची हिंमत नसते. आपापल्या बाजूचे चेंडू आपणच सांगायचे. आत्या कशी खेळत होती हे मला आजही नीट सांगता येणार नाही. भिंतीच्या रॅकेटच्या आवाजावर, तिच्या खांद्याच्या हालचालीवर, जुन्या सरावावर. “आत!” म्हणत होती आणि परतवत होती. आतोबा माझ्या शेजारी पाच गुणांचा शोध घेत बसले होते. मी मात्र खुर्चीच्या टोकाला सरकले होते.

शेवटच्या सेटमध्ये भिंतीला मॅच पॉइंट मिळाला. जन्मात पहिल्यांदा, आत्याविरुद्ध. भिंतीने लांब, खोल चेंडू मारला. तो थेट मागच्या रेषेवर पडला, माझ्या डोळ्यांसमोर. फक्कीचा पांढरा फुफाटा उडाला. सगळ्यांनी पाहिला.

आत्या म्हणाली, “बाहेर!”

क्लब एकदम गार पडला. फक्की मारणाऱ्याच्या पोरीला फक्की उडालेली दिसली नव्हती, आणि हे कळलेली मी एकटीच, असं मला वाटलं. बाकीच्यांना वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. क्लबचे चिटणीस खाकरले, कोटाची बटणं लावत उठले आणि खूण बघायला निघाले.

पण त्यांच्या आधी भिंत पोचली. त्या वयात मी तिला एवढं पळताना पाहिलं नव्हतं. जाळीला वळसा घालून आली, खुणेपाशी उभी राहिली, वाकून बघितलं, आणि बुटाने ती खूण खसाखसा पुसून टाकली.

“बाहेरच आहे,” ती चिटणिसांना मोठ्याने म्हणाली. “धूळ मातीची होती. बसा तुम्ही.”

चिटणीस बसले. भिंत परत जायला वळली.

“थांब,” आत्या म्हणाली. “तू इकडे कशाला आलीस?”

“खूण बघायला.”

“आजवर कधी आली होतीस?”

भिंत बुटाला लागलेली फक्की मातीत घासू लागली.

“माझ्या शब्दावर तू कधी जाळी ओलांडली नाहीस. आज ओलांडलीस, तीही पुसायला.” आत्याचा आवाज खाली आला. “फक्की उडाली होती ना गं?”

“थोडी,” भिंत पुटपुटली.

आत्याने रॅकेट खाली ठेवली. लोक बसले होते त्या बाजूला तोंड केलं. त्या बाजूला आम्ही होतो की नुसता पांढरा धूर, तिला दिसत होतं की नाही कोण जाणे. पण आवाज जुनाच निघाला.

“आत!”

लोकांनी टाळ्या वाजवायच्या की नाही हे ठरवेपर्यंत भिंत रडायला लागली होती. “मला कप असा नको होता,” म्हणत होती. “तुला दिसत नाही हे मला पहिल्या सेटलाच कळलं. गाडी शिकवायला येणाऱ्यांचे डोळे बघण्यात माझा जन्म गेलाय.”

“मग कसा हवा होता? सजवून?” आत्या तिच्यावर खेकसली. “आत म्हणजे आत. जा, कप घे.”

घरी येताना गाडीत आत्या रॅकेटच्या तारा सारख्या करत बसली होती. आतोबांनी पाच गुणांचा विषय काढला नाही. मग ती एकाएकी म्हणाली, “बाबांच्या कोर्टावर आज मी खोटं बोलले गं. मुद्दाम नाही, पण बोलले.” आणि ती रडली. आत्याला रडताना मी तेव्हा पाहिलं, त्याआधी कधी नाही. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण मी गाडी चालवत होते. नाक पुसून ती म्हणाली, “त्या डॉक्टरला फोन लाव. उद्याच्या उद्या.”

पहिल्या डोळ्याची पट्टी काढायच्या दिवशी दवाखान्यात आम्ही सगळे हजर. आतोबा खिडकीपाशी उभे राहून पाढे म्हणत होते. घाबरले की ते म्हणतात. भिंतही आली होती, पण तिचा धीर होईना. ती दाराबाहेरच उभी राहिली, उंबऱ्याला पाय न लावता.

डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला. आत्याने पापणी उघडली, मिटली, परत उघडली. आमच्यापैकी कुणाकडेच बघितलं नाही. सरळ दाराकडे बघत राहिली.

“काय दिसतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“भिंत,” आत्या म्हणाली. “अगं बाई, केवढे पोपडे आलेत हिला!”

“चॅम्पियनशी बोलतेयस,” भिंत दाराबाहेरून रडत रडत म्हणाली. “जरा नीट बोल.”

आत्याने एक डोळा बारीक करून तिच्या पायांकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं, आणि सगळा दवाखाना दचकेल अशा आवाजात म्हणाली, “आत!”