अठराच्या आतली

वसमतच्या टॉकीजच्या दारात त्या माणसानं माझ्यापुढं आडवा हात धरला.

"आधार दाखव."

काखेत माझी पोरगी. अजून रांगत बी नव्हती. मागं माणसांची रांग. नवऱ्यानं मोबाईलमधला फोटो दाखवला. दारवाल्यानं जन्मसाल वाचलं, माझ्याकडं पाह्यलं, पोरीकडं पाह्यलं अन् रांगेला ऐकू जाईल असं म्हणला, "ही सोताच लेकरू हाय की! मोठ्यांचा सिनेमा हाय. अठराच्या आत सोडता येत न्हाई."

मागून कोणीतरी ओरडलं, "लगीन झालं, वय व्हायचं राहिलं!"

रांग हसली. नवरा बी हसला.

तेवढ्यात हळदीच्या व्यापाऱ्याची पोरं आली. अंगावर शाळेचा ड्रेस तसाच. "या, या," म्हणत दारवाल्यानं त्यांना आत घेतलं.

"तिकीट वाया जाईल. तू बस पायरीवर," म्हणून नवरा आत गेला.

मी बसले. पोरगी रडून राहिली होती. आतून बी एका बाईचं ओरडणं येऊन राहिलं होतं. मी दारवाल्याला विचारलं, "असं काय हाय आत?"

"बाईला घरात लई मारतेत. जुलूम दाखवलाय. मुंबईला माणसं बसतेत, आधी ते पाहतेत, मंग ठरवतेत कोणाला दाखवायचं. कवळ्या मनावर परिणाम होतो ना."

कवळं मन.

मी नववीत होते. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. पोरगी वयात आली, घरी कशी ठेवायची, ही त्याची धास्ती. नरसीजवळच्या आमच्या गावात भर दुपारी मांडवात माझं लगीन लावलं. सरपंच जेवून गेले. गुरुजी जेवून गेले. माझं वय सगळ्यांना ठावं होतं. कोणी चकार शब्द काढला न्हाई. सासरी पहिल्यांदा पट्टा बसला तवा मी बी अशीच ओरडले. शेजारच्या बाया दारातून पाहत होत्या. माझ्या मनावर काय परिणाम होईल, हे ठरवायला कोणी बसलं नव्हतं. जे पाहायला मी लहान होते, ते सोसायला मोठी होते.

सिनेमा सुटला. नवरा आला. "चल."

"मी येत न्हाई."

"काहून?"

"मी लेकरू हाय. आत्ताच सगळ्यांनी सांगितलं."

त्यानं दंडाला धरलं. "लोकं पाहून राहिलेत. उठ."

"पाहू दे."

हात झटकला अन् पोरीला घेऊन स्टँडवर गेले. हिंगोलीची गाडी धरली, माहेर गाठलं. बाप म्हणला, परत जा. मायनं आठ दिवस तोंड फिरवलं. मी गेले न्हाई. हळदीच्या रानात रोजानं राबले, बाहेरून दहावी दिली, पास झाले.

औंदा चुलत्यानं त्याच्या पोरीचं जमवलं. ती बी नववीतच. मी ग्रामसेवकाकडं जाऊन माझ्या नावानिशी तक्रार दिली. लगीन मोडलं. चुलता भर चावडीवर म्हणला, "तू आमच्यासाठी मेलीस."

मेले तर मेले. गावात पुन्हा कोणी लेकराला बोहल्यावर चढवलं, तर तक्रारीवर माझंच नाव राहील.