दोन दरवाज्यांची गाडी

सिंदी रेल्वेच्या आसपास डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. केळझरला टेकडी आहे, पण तिच्यावर गणपती असल्यामुळे तिथवर व्यवस्थित रस्ता गेलेला आहे. बाकी सगळी काळी, सपाट, कापसाची जमीन. अशा मुलखात जन्मलेल्या आणि तिथेच अडतीचा धंदा करणाऱ्या माझ्या मामेभावाला दोन हजार सालानंतरच्या एका हंगामात डोंगर चढणारी गाडी घ्यावीशी वाटली.

तो तिला जीप म्हणत नसे. जीप तहसील ऑफिसात असते. तो म्हणायचा, "ऑफरोड." जावई अमेरिकेत असतो हे सांगताना माणसं जो आवाज काढतात, त्या आवाजात. रस्ता सोडून ही गाडी कुठे जाणार आहे, असं मी एकदा विचारलं. कारण शेतावर तो ट्रॅक्टरने जायचा, आणि पावसाळ्यात तर ट्रॅक्टरनेही नाही, सालदाराला घरी बोलावून घ्यायचा. भाऊ म्हणाला, "जाचं नसते रे. जाता आलं पायजे."

मी तेव्हा वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवत होतो. गाडीची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती, म्हणून दर रविवारी पॅसेंजरने मला सिंदीला बोलावलं जाई. मत विचारायला नव्हे, वाचून दाखवायला. मी वाचायचो आणि मंडळी माना हलवायची. पोथी ऐकतानाही अर्थ कुणी विचारत नाही, तसंच हे.

या सगळ्यात एका माणसाला गाडीची खरी गरज होती आणि ते माणूस पुस्तिकेच्या वाचनाला बसत नव्हतं. ती माझी मामी, म्हणजे भावाची आई. मामीचे गुडघे गेले होते. दर चतुर्थीला केळझरला जायचं, हे तिचं लग्न होऊन आल्यापासूनचं होतं. एसटीची पायरी चढणं बंद झाल्यावर ती भावाच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून जायची. ती गाडी बुटकी होती. दार उघडलं की मामी बूड टेकवायची, मग एकेक पाय आत घ्यायची, कुणाचाही हात न धरता. भावाने ती गाडी विकली आणि मामीच्या दोन चतुर्थ्या घरीच झाल्या. नवीन गाडीबद्दल तिने मुलाला एकच गोष्ट सांगितली होती, तीही माझ्यादेखत.

"घे बापा तुले जे घ्याचं ते. फक्त मले माह्या पायानं चढता आलं पायजे. मले कोनी उचलू नये."

"हो ना आई," भाऊ म्हणाला. "तुह्यासाठीच तं घेऊन राह्यलो."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. अडतीत जशी गादी असते, तशी गाडीत पुढची डावी सीट असते. ती मालकाची. मामा होते तोवर मामांची, मामांच्या मागे भावाची. भाऊ गाडीत नसला तरी तिथे कुणी बसत नाही. पांढऱ्या गाडीतून मामी, वहिनी, वहिनीच्या दोन नणंदा अशा चौघी मागे कोंबून केळझरला जायच्या, आणि पुढच्या डाव्या सीटवर भावाचा टॉवेल आरामात प्रवास करायचा. मोठ्या माणसाने गाडीतून उतरायचंही नसतं. गाडी थांबते, काच खाली होते, लोक खिडकीशी येऊन नमस्कार करतात. भावाला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. गाडी चालवणं हे ड्रायव्हरचं काम, आणि मालकाचं काम दिसणं.

तर दरवाजे किती, हा पहिला प्रश्न. त्या गाडीचे दोन प्रकार होते, चार दरवाज्यांचा लांब आणि दोन दरवाज्यांचा आखूड. निर्णय खरं म्हणजे हिंगणघाटलाच होऊन गेलेला होता. तिथे भावाचे व्याही राहत, त्यांची जिनिंग होती, आणि त्यांनी आदल्याच वर्षी चार दरवाज्यांची मोठी गाडी घेतली होती. म्हणजे चार दरवाजे बाद.

"चार दरवाजे तं काळ्या-पिवळ्यालेही असतात," भाऊ म्हणाला. सिंदी-सेलू मार्गावर माणसं टपावर बसवून धावणाऱ्या टॅक्स्यांना आम्ही काळ्या-पिवळ्या म्हणतो. "दोन दरवाजे म्हंजे शौकाची गाडी. ज्याले माणसं भरून न्याची नाईत त्याची."

"आणि मामी?" मी विचारलं.

"अरे, सीट फोल्ड होते ना! तूच तं वाचलं."

ते खरं होतं. मीच वाचलं होतं.

मग इंजिन. पेट्रोलचं इंजिन आवाज करत नाही, असं पुस्तिकेत गुण म्हणून लिहिलं होतं. भावाने तिथेच त्याच्यावर काट मारली. "गाडी आली हे घरातल्याले फाटक उघडून पाहा लागत असन तं काय कामाची?" डिझेलमध्ये लहान आणि मोठं अशी दोन होती. मोठ्याचा आवाज स्टेशनापलीकडे ऐकू जाईल, असं कुणीतरी म्हणालं आणि इंजिन ठरलं.

गिअरवर मात्र दोन रविवार गेले. आपोआप गिअर बदलणारी गाडी नुकतीच आपल्याकडे मिळू लागली होती. भावाला आधी तिची भुरळ पडली, कारण व्याह्यांकडे ती नव्हती. मग त्याच्या मनात शंका आली. "गिअर जर गाडीच टाकते, तर मी ड्रायव्हर कायचा ठेवला?" ड्रायव्हर दाराशीच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मंग मी मागं बसून तुमच्याशी गप्पा मारीन." हशा झाला आणि हाताचे गिअर कायम झाले. चारही चाकांना जोर देणारा वेगळा छोटा दांडा मात्र हवाच, यावर एकमत होतं. मी पुढे अनेक वर्षं त्या गाडीत बसलो. त्या दांड्याच्या मुठीवरचं कंपनीचं प्लॅस्टिक कधी निघालं नाही.

नागपूरला शोरूममध्येही मी गेलो होतो. तिथला विक्रेता काटक, सडसडीत पोरगा होता. मी त्याला म्हटलं, मागच्या सीटवर कसं जायचं ते दाखवा. त्याने एक खटका ओढला, पुढची सीट वाकवली आणि मासा पाण्यात जावा तसा मागे गेला. बाहेरही तसाच आला. भाऊ खूश झाला. "पाह्य! किती सोपं आहे." त्या पोराचे गुडघे आणि मामीचे गुडघे यांत फरक असू शकतो, हे मी बोललो. भाऊ तोवर चाकावरून हात फिरवत होता. घोड्याच्या पुठ्ठ्यावरून फिरवतात तसा.

गाडी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आली, म्हणजे आणवली. चतुर्थीच्या सकाळी हार, नारळ, चाकाखाली लिंबं, सगळं रीतसर झालं. आधी केळझर आणि मग जाम, असा बेत होता. केळझरहून सिंदीला परत येताना जाम वाटेत लागत नाही. पण जामच्या चौकात हायवेवर चहाला हिंगणघाटपासूनचे व्यापारी थांबतात, आणि व्याहीही त्या दिवशी तिथे येणार असल्याचं भावाने फोन करून पक्कं केलं होतं. देव केळझरला असला तरी दर्शन द्यायचं होतं जामला.

मामी नवं लुगडं नेसून बाहेर आली. तिने गाडी पाहिली आणि आधी लांबून, मग जवळून, दरवाजे मोजले.

"मागचा दरवाजा कुठं आहे रे?"

"मागून सामानाचा आहे आई. तुले इथून जाचं," भावाने खटका ओढला. सीट वाकली.

वहिनीने स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणून ठेवलं. मामी स्टुलावर चढली. तिथवर ठीक होतं. पण वाकवलेली सीट आणि दाराची चौकट यांच्यात जी फट उरली होती, तिच्यात जायला अंग वळवावं लागत होतं आणि गुडघा पूर्ण दुमडावा लागत होता. मामीने एकदा प्रयत्न केला. पुन्हा केला. मग तशीच स्टुलावर उभी राहिली. समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघत होती.

"आम्ही दोघं धरतो ना," ड्रायव्हर म्हणाला, "पटकन उचलून..."

"मी काय कापसाची गाठ आहो? हात लावू नको."

"आई, आज राहू दे मंग," भाऊ घड्याळ पाहत म्हणाला. "पुढच्या चतुर्थीले काहीतरी करू. आज आम्ही जाऊन येतो. प्रसाद आनतो तुले."

मी मामीकडे पाहिलं. तिला बरोबर कळलं होतं की पुढच्या चतुर्थीलाही गाडीला दोनच दरवाजे असणार आहेत. खटका तिने एव्हाना पाहून ठेवला होता. तो दाबून तिने सीट सरळ केली, दाराच्या वरच्या बाजूचा दांडा धरला, बूड टेकवलं आणि एकेक पाय आत घेतला. कुणाचाही हात न धरता. मग सीटवरचा टॉवेल अंगाखालून ओढून काढला, त्याची घडी केली आणि भावाच्या हातात दिली.

"चाल," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मले माह्या पायानं चढता आलं."

भाऊ काही क्षण टॉवेल घेऊन उभा राहिला. आईला उतर म्हणणं शक्य नव्हतं. गल्ली बघत होती. स्वतः घरी थांबणंही शक्य नव्हतं. जामला व्याही येणार होते. आता मामीला हलवल्याशिवाय मागे जायचा एकच रस्ता उरला होता, ड्रायव्हरच्या बाजूचा. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने आपली सीट वाकवली आणि अदबीने बाजूला झाला. शेठ आधी डोकं, मग पोट, मग एक पाय, अशा क्रमाने आत गेले. दुसरा पाय ड्रायव्हरने आत ठेवला. विक्रेत्याचा मासा मला आठवला. हा काही मासा नव्हता. मी मुकाट्याने त्याच वाटेने मागून गेलो. वहिनी म्हणाली, "मी घरीच बरी," आणि आत जाऊन हसली असावी.

केळझरला मामी आपली आपण उतरली. स्टूल वहिनीने न विसरता गाडीत टाकलं होतं. दर्शन झालं, मामी सावकाश परत आली, पुन्हा चढली. भाऊ देवळात आलाच नाही. पुन्हा एकदा बाहेर पडायचं आणि पुन्हा आत शिरायचं, त्यापेक्षा त्याने लांबूनच हात जोडले. रस्ता चांगला होता, इंजिनाचा आवाज दणदणीत होता, आणि मागच्या सीटच्या खिडकीची काच उघडत नव्हती.

जामला चौकात गाडी थांबली. आवाज सगळ्यांनी ऐकला होताच. दोन-तीन व्यापारी चहाचे ग्लास ठेवून रिवाजाप्रमाणे डाव्या खिडकीशी आले आणि वाकून "नमस्कार शेठ" म्हणाले. आत मामी होती. तिने प्रत्येकाच्या हातावर मोदक ठेवला. मग व्याही आले.

"आई, तुम्ही? आन् आमचे व्याही कुठं राह्यले?"

"इथं आहो," मागून आवाज आला.

व्याह्यांनी डोळ्यांवर हात धरून मागच्या काचेतून पाहिलं. "अरे! मागं काऊन बसले? या ना बाहेर, चहा घ्या." आणि पाहुण्याचं दार उघडावं म्हणून त्यांनी गाडीच्या मागच्या अंगाला हात लावला. हात पत्र्यावरून पुढे गेला, मागे आला, खाली गेला. "दरवाजा कुठं आहे हो याचा?"

ड्रायव्हर गाडी बंद करून पानठेल्यावर गेला होता. तो येईपर्यंत आम्हाला बाहेर पडायला वाटच नव्हती. शेवटी मामी म्हणाली, "शौकाची गाडी आहे जी. माणसं भरून न्याची नसतात हिच्यात."

"मंग हे?"

"हे भरलेत आता. काय करता."

तिने आपला चहा घेतला आणि दोन ग्लास सीटांच्या फटीतून आम्हाला मागे दिले. भावाने व्याह्यांच्या चार दरवाज्यांच्या गाडीकडे न पाहता चहा संपवला. त्या अंधाऱ्या, बंद काचेच्या जागेत, डोंगर चढणाऱ्या गाडीचं सगळं सामर्थ्य पायाखाली थरथरत नसताना, तो मला पहिल्यांदाच माझ्याएवढा वाटला. पण ही बरोबरी फार वेळ टिकली नाही. ड्रायव्हर आल्यावर तो त्याच्यावर ओरडला.

गाडी त्याने विकली नाही. विकली असती तर चूक झाली असं ठरलं असतं, आणि व्याही हिंगणघाटला होतेच. तो बाकीचे सगळे दिवस पुढच्या डाव्या सीटवर बसायचा. चतुर्थीला मात्र त्याला कुठेतरी महत्त्वाचं काम निघायचं आणि तो गादीवरून हलत नसे. मामी स्टूल घेऊन निघायची. तिचा स्वतःचा टॉवेल होता, निळ्या काठाचा. बाकीचे दिवस तो स्टुलावर घडी करून ठेवलेला असे.

एकदा मी तिच्याबरोबर गेलो तेव्हा विचारलं, "मामी, गाडी कशी वाटते?"

"चांगली आहे," ती म्हणाली. "उगा नावं ठेवता तुम्ही लोक. दरवाजे दोन आहेत, मले तं एकच लागते."