बाकावरचा गोलकीपर

माझ्या लेकीने आइस हॉकीत गोलकीपर व्हायचं ठरवलं तेव्हा आम्हाला बहरीनला येऊन बरीच वर्षं झाली होती. बाहेर अंग भाजणारं ऊन आणि बर्फाच्या रिंकच्या आत स्वेटर घालूनही हुडहुडी भरावी अशी थंडी. खेळाबद्दल माझी तक्रार नव्हती. खटकत होता तो तिचा कोच.

थंड मुलखातून आलेला, पन्नाशीचा, उंच माणूस. पूर्वी व्यावसायिक गोलकीपर होता, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. नवऱ्याने पहिल्याच दिवशी गाडीत विचारलं, एवढा मोठा खेळाडू या चिमुकल्या रिंकवर पोरांना शिकवायला कशाला येईल? मी बँकेत संशयास्पद व्यवहार शोधायचं काम करते. असा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की माझ्या डोक्यातून निघत नाही.

मी लक्ष ठेवायला लागले. तो स्वतः कधी गोलात उभा राहायचा नाही. स्केट्ससुद्धा घालायचा नाही, बूट घालून कठड्याच्या कडेने सावकाश चालायचा. कुठल्या संघात होतात असं कुणी विचारलं की "पुष्कळ ठिकाणी" म्हणून विषय बदलायचा. इंटरनेटवर त्याच्या नावाचे मोजके फोटो सापडले, सगळ्यांत तोंडावर मास्क. त्या जाळीमागे कुणीही असू शकलं असतं. एकदा अदलिया भागातल्या एका कॅफेत समोरासमोर आलो, तर त्याने ओळख दिली न दिल्यासारखं केलं आणि कप उचलून आत जाऊन बसला.

मग तो सरावानंतर लेकीला एकटीला थांबवून घ्यायला लागला. सनद भागातल्या आमच्या घरी परतताना मी विचारलं, काय शिकवतात गं? खिडकीबाहेर बघत ती नेहमीसारखं इंग्रजीत म्हणाली, काही नाही, जास्तीचा सराव.

पुढच्या शनिवारी मी गाडीत थांबले नाही. मागच्या दाराने वर गेले आणि प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेत बसले. सगळी मुलं निघून गेली होती. लेक गोलात गुडघ्यांवर बसली होती, आणि तो थोड्या अंतरावरून तिच्या मास्कवर टेनिसचे चेंडू टाकत होता. चेंडू आला की ती तोंड फिरवायची. तो हळू आवाजात काहीतरी सांगायचा आणि पुढचा चेंडू उचलायला वाकायचा. त्या वाकण्याला त्याला फार वेळ लागत होता.

मी खाली उतरले आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. त्याने लेकीला कपडे बदलायला पाठवलं.

"आईला सांगू नका, असं तिनं मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "पक मास्कवर आदळल्यापासून ती डोळे मिटते. तुम्ही खेळ बंद कराल, अशी तिला भीती आहे."

पक म्हणजे कडक रबराची चकती. ती मास्कवर आदळलेली मला माहीतही नव्हतं.

"तरी तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

मग मी दुसरंही विचारून टाकलं, तुम्ही नक्की कुठे आणि काय खेळलात? त्याने या वेळी टाळाटाळ केली नाही. लहानपणी मोठ्या भावाला नेम धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून तो गोलात उभा राहिला. पुढे त्याच खेळावर पोट भरलं, पण बहुतेक वर्षं दुसरा गोलकीपर म्हणून. पहिला जखमी झाला तरच याची पाळी. संघ बदलले, गावं बदलली, राखीव खेळाडूंचा बाक तोच. शेवटी दोन्ही खुब्यांचं ऑपरेशन झालं आणि तो कोच झाला. तिकडच्या संघाने काढून टाकल्यावर इथलं काम मिळालं, म्हणून इथे.

"लोक मोठा खेळाडू समजतात," तो म्हणाला. "मी ते खोडून काढत नाही, एवढंच."

घरी गेल्यावर नवरा म्हणाला, हे तरी खरं कशावरून? लेकीचा खेळ मी बंद केला नाही, पण त्या दिवसापासून एकही सराव मी गाडीत बसून काढला नाही. काचेला लागून बसायचे. कोचलाही ते कळत होतं.

हिवाळ्यात शेजारच्या देशातून मुलांचा संघ आला. लेकीने बरेच गोल खाल्ले आणि आम्ही हरलो. पण शेवटी शेवटी एक फटका थेट तिच्या तोंडावर आला. मी उभी राहिले. तिने तोंड फिरवलं नाही. चकती मास्कवर आपटून खाली पडली आणि तिने ती हाताखाली दाबली.

गाडीत मी तिला विचारलं, कोच स्वतः कसे खेळायचे, हे कधी विचारलंस का? ती भिजलेले केस पुसत होती. म्हणाली, ते कशाला विचारायचं?