पूजेची चकती

माझ्या मोठ्या भावाचा डावा डोळा गेला आहे. उजवा शाबूत आहे, आणि तो उजवा डोळा फिरत्या चकतीपासून जेमतेम वीतभर लांब ठेवून दादा आजही ग्राइंडर चालवतो. मी शेजारी उभा असतो. उभं राहण्यापलीकडे मला आता फारसं काही करता येत नाही. जेव्हा करता येत होतं तेव्हा केलं नाही. दोन वर्षं हे बोललो नाही, कारण मला कोणी विचारलंच नाही, आणि न विचारता बोलायची मला सवय नाही.

कोथरूड डेपोच्या पलीकडे आमची पत्र्याची शेड आहे. खिडक्यांचे ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, सुरू केलेलं काम. दादा मशीनवर आणि मी बाकी सगळ्यावर, म्हणजे मापं घेणं, गिऱ्हाइकांशी बोलणं, माल आणणं. "लोखंड मी कापतो, गिऱ्हाईक धाकटा कापतो," असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

चकत्या मीच निवडतो. त्याचा मला अभिमान होता, तोही सांगून टाकतो. पातळ चकती कापायला, जाड चकती घासायला. पातळ चकतीच्या कडेने घासायला गेलात तर ती मोडते, तिला आडवा दाब सोसत नाही. स्टेनलेसच्या कठड्याला लोखंडावर वापरलेली चकती लावली, तर काही दिवसांनी गिऱ्हाईक गंजाचे ठिपके दाखवायला बोलावतं. वेल्डिंगचा सांधा गुळगुळीत करायचा तर पाकळ्यापाकळ्यांची फ्लॅप डिस्क. चकतीवर छापलेला वेग मशीनच्या वेगाहून कमी असून चालत नाही. आणि चकतीच्या मधोमध धातूचं कडं असतं, त्यावर बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. ते उलटून गेलं की चकती टाकायची, कोरी असली तरी. मी कडं उजेडात धरून वाचायला लागलो की बोहरी आळीतला दुकानदार म्हणायचा, "साहेब, चकती घेताय का स्थळ बघताय?"

तारखेचं मला कंपनीच्या एका माणसाने शिकवलं होतं. नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये त्याने फॅब्रिकेशनवाल्यांसाठी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. दादा आला नाही. "तू जा. वडा खाऊन ये, शहाणा होऊन ये." तो माणूस म्हणाला, चकती म्हणजे खरखरीत कण, त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि आत जाळी, बाकी काही नाही. ओल लागली की तो चिकट पदार्थ आतून हळूहळू सुटत जातो आणि वरून काही कळत नाही. नवी चकती चढवली की आधी बाजूला उभं राहून थोडा वेळ मोकळी फिरवा, फुटायची असली तर बहुधा तिथेच फुटते. चष्मा लावा, वरून तोंडावर शील्ड लावा. गार्ड कधी काढू नका. या शेवटच्या वाक्याला सगळा हॉल हसला. मीही हसलो.

कारण आमचा गार्डही खिळ्यावर होता. चकती आणि माणूस यांच्यामध्ये असणारं ते अर्धगोल पत्र्याचं झाकण ग्रिलच्या आतल्या कोपऱ्यात अडतं, म्हणून मशीन नवीन आलं त्याच दिवशी दादाने ते काढून भिंतीवर टांगलं होतं. दसऱ्याला त्यालाही झेंडूचा हार घातला जायचा. वर्षातून एकदा हार, काम मात्र कधीच नाही.

आता दसऱ्याचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथेच आहे.

हत्यारांची पूजा सगळेच करतात. अप्पांची रीत थोडी वेगळी होती. पूजेत एक कोरी चकती ठेवायची, तिला हळदकुंकू लावायचं, वर नारळाचं पाणी शिंपडायचं. मग ती चकती शेडमधल्या देवाच्या फळीवर खंडोबाच्या तसबिरीपुढे वर्षभर राहायची. रोज तिच्यावर ओली फुलं, रोज उदबत्ती. पुढच्या दसऱ्याला तिची जागा नवी चकती घ्यायची आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामाचा पहिला काप त्या जुन्या, वर्षभर पुजलेल्या चकतीने. अप्पा म्हणायचे, वर्षभर देवापाशी बसलेली चकती हात राखते. आणि खरंच, अप्पा होते तोवर काही झालं नाही.

अप्पा गेले त्या वर्षी घरात सण नव्हता. शेडमध्येही पूजा झाली नाही, आणि अप्पांनी स्वतःच्या हाताने ठेवलेली चकती फळीवर तशीच राहिली. दोन पावसाळे. त्या फळीवर पत्र्यातून गळतं, हे मला माहीत होतं. पत्र्याला डांबर लावायचं काम माझ्याकडेच होतं.

पुढच्या दसऱ्याला पूजा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती चकती खाली काढली आणि फडक्याने पुसली. कुंकू कड्यात घट्ट बसलं होतं, म्हणून नखाने खरवडलं. खाली तारीख दिसली. उलटून गेलेली. एका कडेला पाण्याचा डाग होता, तिथे चकती किंचित फुगल्यासारखी बोटाला लागली. मी हे सगळं पाहिलं. चुकून नजरेतून निसटलं, असं म्हणायची सोय मला नाही.

मला एवढंच म्हणायचं होतं, दादा, ही नको. पण दादा हात पुसून माझ्याकडे वळला होता आणि म्हणाला, "अप्पांची शेवटची ना रे ही?" मी म्हणालो, "हो." आणि देवाची वस्तू देतात तशी दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिली.

त्याने ती मोकळी फिरवली नाही. नेहमीसारखा वाचायचा चष्मा नाकावर होता, तेवढ्यावरच. एका बंगल्याच्या ग्रिलच्या पट्टीला चकती टेकली आणि आवाज बदलला. पुढचं मला सांगता येत नाही. मी त्याला स्कूटरवर मागे बसवून नेलं, त्याचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं होतं आणि माझा शर्ट ओला होत होता, एवढंच आठवतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गार्ड होता का मशीनला?"

मी म्हणालो, "होता."

भिंतीवर होता.

डोळा गेला त्यानंतर जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. मला वाटलं होतं, कोणीतरी विचारेल, चकती कुठली होती, कोणी दिली. कोणीही विचारलं नाही. वहिनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "भाऊजी होते म्हणून. त्यांनी वेळेवर नेलं म्हणून हे वाचले." आणि मग आवाज खाली आणून, "पूजेची चकती होती ना, म्हणून एकावरच भागलं. साधी असती तर दोन्ही गेले असते." लोक मान डोलवायचे. मीही तिथेच खुर्चीवर बसलेला असायचो आणि चहाचे कप उचलायचो.

दादा पुन्हा कामावर आला तेव्हा मी गार्ड खिळ्यावरून काढून, पुसून त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो लावला, एक पट्टी कापायला घेतली आणि मशीन बंद केलं.

"दिसत नाही रे."

"काय दिसत नाही?"

"एका डोळ्याला अंतर कळत नाही. चकतीची कड कुठे टेकते ते बघितल्याशिवाय मला आता कापता येत नाही. आणि हा मधे येतो."

"मग नको कापूस. मी कापतो."

"तू? तू तारखा वाच."

गार्ड परत खिळ्यावर गेला. म्हणजे त्या चकतीने एक डोळा नेला आणि उरलेला डोळा पूर्वीपेक्षा जवळ आणून ठेवला. मी चांगल्यातला चांगला गॉगल आणला, तोंडावरचं शील्ड आणलं. गॉगल तो लावतो, आणि त्याबद्दल मी देवाचे नाही, त्याचे आभार मानतो. शील्डवर ओरखडे पडले की धुरकट दिसतं म्हणून ते कपाळावर सरकवलेलं असतं.

अपघातानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी आणखी एक गोष्ट केली. फळीवरची वर्षभराची चकती पुसायच्या निमित्ताने बाहेर नेली आणि तशीच एक नवी, कोरडी चकती घेऊन तिला कुंकू फासून आणली. दादाने पहिला काप केला. काही झालं नाही. वहिनीने फळीला नमस्कार केला आणि म्हणाली, "बघा. राखतो की नाही?" माझी लबाडीसुद्धा खंडोबाच्या नावावर जमा झाली. मला वाटलं, दर वर्षी असंच करू. कोणाला कळायचं कारण नाही. अशा रीतीने माणूस किती वर्षं काढू शकतो याचा मी मनातल्या मनात अंदाजही बांधला होता.

यंदा दसऱ्याच्या आधी वहिनी म्हणाली, "भाऊजी, यंदा चकती मी देणार यांच्या हातात. मी बोलले आहे देवाला. आणि तुम्ही पुसूबिसू नका, कुंकवासकटच देईन."

 यंदा पाऊस लांबला होता आणि फळी नवरात्रापर्यंत ओली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मी दादाला सांगितलं. तारीख, डाग, कडेचा फुगवटा, सगळं. मागच्या दसऱ्याची अदलाबदलही. तो ग्लास हातात धरून उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघत होता. मी कुठे बघावं हे मला कळत नव्हतं, म्हणून मी खिळ्यावरच्या गार्डकडे बघत बोललो.

"कळलं होतं तुला," तो म्हणाला.

"हो."

"आणि दिलीस."

"हो."

त्याने चहा संपवला. मग म्हणाला, "हिला सांगू नकोस. तिने त्या चकतीच्या जोरावर दिवस काढलेत. ते काढून घेऊन तिला काय देणार आहेस तू?"

"मग तिने दिली तर?"

"बघतो मी."

काय बघणार, हे मी विचारलं नाही. पुन्हा विचारलं नाही. माणूस सुधारत नाही तो असा.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी नवी साडी नेसून शेडमध्ये आली, फळीवरची चकती उचलली आणि दोन्ही हातांनी दादासमोर धरली. मी दादाकडे बघत होतो. त्याला सगळं माहीत होतं. काहीतरी युक्ती करेल, हातातून पाडेल, चावी सापडत नाही म्हणेल, असं मला वाटत होतं. त्याने वहिनीकडे पाहिलं. मग चकती घेतली, कपाळाला लावली, मशीनची वायर काढून चकती बसवली आणि चावीने आवळायला लागला. अगदी माझ्यासारखाच. जे मला जमलं नव्हतं ते त्यालाही जमत नव्हतं, आणि डोळा तर त्याचा पणाला होता.

त्याने प्लग लावायला हात पुढे केला तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, ती चकती नको."

"का?"

"ती ओली आहे. ओल्या चकत्या फुटतात. मागची तशीच फुटली." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "ती मी दिली होती. तिची तारीख गेलेली होती, मी वाचली होती. वाचून दिली."

ती दादाकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"चार दिवस झाले."

"आणि तुम्ही लावत होतात?"

 ती रागावली असती, रडली असती तर मला कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती. तिने पुढे होऊन प्लग आणि वायर बाजूला सारली आणि दादाला म्हणाली, "काढा ती." त्याने काढली. तिने चकती पदराने पुसली, कड्यावरचं कुंकू नखाने खरवडलं, उजेडात धरली. अक्षरं बारीक होती, तिला वाचता आली नाहीत. तिने ती माझ्यापुढे धरली.

"वाचा."

मी वाचलं. तारीख अजून उलटलेली नव्हती. ओल मात्र होती, बोटाला लागत होती.

"मोठ्याने वाचा. यापुढे प्रत्येक वेळी. यांना ऐकू गेलं पाहिजे."

भाऊजी ती म्हणाली नाही. त्यानंतर एकदाही म्हणालेली नाही.

ती चकती आता फळीवर नाही. तिने ती घरी नेली आहे, कुठे ठेवली मला माहीत नाही. फळीवर नुसती फुलं असतात. चकत्या कोरड्या पत्र्याच्या डब्यात, माझ्या टेबलाखाली. दादाने मागितली की मी कडं उजेडात धरतो आणि महिना, वर्ष मोठ्याने वाचतो. दादा म्हणतो, "चला, मुहूर्त निघाला." बाजूला उभा राहून मोकळी फिरवतोही, एवढं त्याने मान्य केलं आहे. वहिनी दुपारी डबा घेऊन येते आणि तो खाऊन झाल्यावरही जात नाही. स्टुलावर बसून राहते, तोंड त्याच्या उजव्या बाजूला करून.

गार्डचं अजून जमलेलं नाही. मी रोज म्हणतो, तो रोज म्हणतो, "दिसत नाही रे." मग तो वाकतो, गॉगल लावलेला तो एक डोळा चकतीजवळ नेतो, आणि ठिणग्या उडायला लागतात. वहिनी आणि मी बघत राहतो.