पाण्याची सोय नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिला माझ्या दातदुखीपासून साहेबाच्या बोलण्यांपर्यंत सगळं ठाऊक असतं. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. नक्की सांगता येत नाही — आणि जे नक्की सांगता येत नाही, ते बोलायची मला सवय नाही.

मी मोजणीदार. जामखेडच्या मोजणी कचेरीत तेव्हा मला अकरा वर्षं झाली होती. वय सदतीस, उंची पाच फूट चार इंच, वजन पंच्याऐंशी किलो. वजन मुद्दाम सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. डॉक्टरांनी मला सांगितलं, मग दोघा मास्तरांना सांगितलं, मग आडतवाले बापूशेठ यांना सांगितलं — चाला, हातपाय हलवा, नाहीतर पन्नाशी दिसायची नाही. एकट्याने व्यायाम होत नाही, हे चौघांनाही माहीत होतं. म्हणून बापूशेठनी माणसं गोळा केली. बावीस झाली. रोज सकाळी साडेपाचला सामुदायिक व्यायाम वर्ग भरवायचा असं ठरलं.

साल बहात्तर. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. सगळा तालुका रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता, आणि आम्ही बावीस जण पोट कसं उतरवावं याचा विचार करत होतो. हे लिहितानाही बरं वाटत नाही. एकदा टेप घेऊन रस्त्याने निघालो होतो, तर खडीच्या ढिगावरून एकाने हाक मारली, "भाऊसाहेब, तालीम हुडकताय म्हनं? आमच्याकडं या की! हातोडा सरकारचा, ऊन फुकाट, वर सुकडी मिळती खायाला." सगळा ढीग हसला. मीही हसलो. काय करणार?

गावात दोन जागा होत्या. एक बाजारपेठेतली जुनी तालीम, दुसरी ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली व्यायामशाळा. बापूशेठ म्हणाले, "दोन्ही मोजा, कागदावर मांडा. तुम्ही लिहाल ते पक्कं. आपल्याला त्यातलं काय कळतंय?" मला बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही?

बाजारातली तालीम चोवीस फूट बाय सोळा. त्यात कुस्तीचा हौदा बारा बाय बारा. तो वजा जाता उरते दोनशे चाळीस चौरस फूट. हात पसरून उभ्या माणसाला तीस चौरस फूट लागतात. म्हणजे आठ माणसं. खिडकी एक, तीही गटाराकडे. वस्ताद म्हातारे, कुस्तीपलीकडे दुसरं काही शिकवलेलं नाही. बावीस जणांना तीन पाळ्या कराव्या लागल्या असत्या. आवारात विहीर होती. वाकून पाहिलं. कोरडी. तळाला फुटका डबा पडलेला दिसत होता.

वस्तीतली जागा दुसऱ्या दिवशी पाहिली. अडतीस बाय वीस. पत्र्याची, पण सहा खिडक्या, समोरासमोर. पंचवीस माणसं आरामात उभी राहतील. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ओळीने लावलेली लाकडी मुदगलं — मोजली, चोवीस. जमीन सारवलेली, तिच्यावर चुन्याने आखलेल्या खुणा. प्रत्येकाने कुठे उभं राहायचं त्या.

ही व्यायामशाळा साळवे चालवत. पलटणीतून हवालदार होऊन परत आलेले, वय माझ्याहून आठ-दहा वर्षांनी जास्त. अठरा वर्षं त्यांनी नव्या जवानांकडून कवायत करून घेतली होती. तेव्हा मी त्यांच्याबद्दल बोलताना एकेरीत बोलत असे. आता 'ते' लिहितो आहे. हा फरक त्यांच्यापर्यंत कधी पोचणार नाही.

मी टेप धरली, दुसरं टोक त्यांनी धरलं. दर मापाला ते ताठ उभे राहून आकडा परत म्हणत. "अडतीस फूट, सायेब." त्या खुणा त्यांनी आमच्यासाठी आखल्या होत्या. बावीस खुणा. गावातली माणसं आपणहून वस्तीत येणार, त्यांच्या शिट्टीवर हात वर करणार, खाली वाकणार, हे त्यांच्या मनात केव्हाच घडून गेलं होतं. ते म्हणाले, "ह्याच्यापुढं मला काय नको, भाऊसाहेब. गाव एकदा हितं येऊ द्या."

मग त्यांनी पाणी विचारलं.

कोपऱ्यात रांजण होता. झाकण, वर ओगराळं, शेजारी घासलेला पेला. त्या दुष्काळात पाणी विचारणं ही साधी गोष्ट नव्हती. नदीच्या कोरड्या पात्रात झिरे खणले होते, त्यातून वाटी-वाटीने पाणी भरावं लागे. गावाचा झिरा वेगळा, वस्तीचा वेगळा. वस्तीचा लांब. त्यांच्या बायकोने, सखूबाईंनी, पेला भरून पुढे केला.

मी म्हणालो, आज माझा उपवास आहे, निर्जळी.

मी आयुष्यात निर्जळी केलेली नाही. घरून निघताना दोन भाकरी खाल्ल्या होत्या. साळव्यांनी लगेच माफी मागितली — मला उगीच विचारलं म्हणून.

आता इथे थांबून मी म्हणू शकतो की मला बाकीच्या एकवीस जणांची भीती वाटली. बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. बापूशेठ काय म्हणतील, मास्तर काय म्हणतील, व्यायाम झाल्यावर घाम पुसत सगळ्यांना तहान लागेल, आणि मग रांजण, आणि मग कुजबुज, आणि मग वर्ग मोडेल. पण खरं सांगू? एकवीसपैकी एकानेही मला तसं सांगितलेलं नव्हतं. सूचनाही नव्हती. एक मास्तर तर म्हणाले होते, हवालदार शिकवणार असतील तर उत्तमच. तो पेला मला नको होता. बाकीच्यांना चालला असता की नाही, हे मी कधी मोजलंच नाही.

अहवाल दीड पानाचा झाला. सगळे आकडे बरोबर लिहिले, ते चुकीचे लिहिणं मला जमलंच नसतं. शेवटी आमच्या कचेरीच्या पद्धतीप्रमाणे शेऱ्याचा रकाना होता. बाजारातल्या तालमीसमोर लिहिलं — आवारात विहीर आहे. वस्तीतल्या व्यायामशाळेसमोर लिहिलं — पिण्याच्या पाण्याची सोय नाही.

पहिलं वाक्य खरं होतं, नाही का? विहीर होतीच. दीड पानात आकडा नसलेली ही दोनच वाक्यं, आणि निर्णय झाला तो त्यांच्यावर. बापूशेठनी बैठकीत अहवाल वाचला. साळवेही बसले होते, दाराजवळ. मला वाटलं, ते उठतील. म्हणतील, रांजण होता, पेला होता, माझ्या बायकोने तुमच्या हाताशी धरला होता. मी खाली बघत बसलो. ते उठले नाहीत. त्यांनी खिशातून चिठोरं काढून काहीतरी लिहून घेतलं.

काय लिहून घेतलं, ते मला नऊ दिवसांनी कळलं. आठवड्याभराने आमचा वर्ग बाजारात सुरूही झाला होता, तीन पाळ्यांत. साळवे कचेरीत आले. दारात सॅल्यूट.

"भाऊसाहेब, शेऱ्याची पूर्तता केली. येऊन बघा."

तुमच्या लक्षात येतंय का? पलटणीत तपासणी होते, साहेब शेरा मारतो, जवान ती उणीव भरून काढतो आणि पुन्हा तपासणी मागतो. त्यांना वाटलं, इथेही तसंच असतं. साहेबाने लिहिलं म्हणजे उणीव असणारच. आपल्याला दिसली नाही, ही आपली चूक.

मी गेलो. का गेलो? नाही म्हणायला कारण सापडलं नाही, एवढंच.

एका रांजणाच्या जागी तीन रांजण होते. दोन नवे, तोंडावर पांढरी फडकी बांधलेली. दोन्ही काठोकाठ भरलेले. वस्तीतल्या पोरांना त्यांना हात लावायची बंदी होती, हे साळव्यांनीच अभिमानाने सांगितलं. ते पाणी वर्गाचं. दिवसभर खडी फोडून आल्यावर सखूबाई रोज तीन खेपा जास्त मारत होत्या, डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक. पाणी रोज शिळं होई म्हणून ते वस्तीत वाटून रांजण पुन्हा ताजं भरायचं. पाहुण्यांना शिळं कसं द्यायचं?

झिरा पाऊण मैलावर. जाऊन-येऊन दीड मैल. तीन खेपा, साडेचार. नऊ दिवस. साडेचाळीस मैल. हा हिशोब मी तिथेच उभ्या-उभ्या केला, मला वेगळा करावा लागला नाही. तो आपोआप होतो.

मी म्हणालो, "साळवे, निर्णय झाला आहे. वर्ग सुरू झाला."

ते म्हणाले, "झाला आसंल, सायेब. पर शेरा तर निघंल ना?"

सखूबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवो, पानी तर त्या दिशीबी हुतंच की. ह्यांचाच उपास हुता."

"तू गप," साळवे म्हणाले. "सायबांनी लिवलंय म्हंजी बघूनच लिवलं आसंल. रांजण भरला नसंल त्या दिशी. तुला काय ध्यान हाय?"

"मीच भरला हुता."

"भरला नसंल म्हन्तो ना!"

इथे बोलायचं होतं. एक वाक्य पुरेसं होतं — बाई खरं सांगताहेत. एवढंच. पाच सेकंद लागले असते. एक माणूस माझ्या कागदाची बाजू घेऊन स्वतःच्या बायकोला खोटं पाडत होता, आणि मी खिडकीकडे बघत होतो.

मग सखूबाईंनी पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. आज उपवास आहे का, असंही विचारलं नाही. त्या नुसत्या धरून राहिल्या.

मी पेला घेतला. टेप हाताळल्यामुळे बोटं मळली होती — मळली नव्हती, त्या दिवशी मी टेप काढलीच नव्हती. मी पुढे वाकलो आणि त्या पाण्याने हात धुतले. पूर्ण पेला. शेवटच्या थेंबापर्यंत. पेला परत दिला आणि म्हणालो, "ठीक आहे. सोय चांगली आहे."

हे मला सांगायचं होतं. शेरा नाही, शेरा कागदावरचा होता, कागद कुठेतरी गेला असेल. हात धुतले, हे सांगायचं होतं. त्या वर्षी, त्या बाईसमोर. पाणी सारवलेल्या जमिनीवर पडलं आणि एका चुन्याच्या खुणेवरून ओघळत गेलं. सखूबाई त्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर राग असता तर मला पुष्कळ सोपं गेलं असतं. त्यांनी खाली बसून तो ओला भाग हाताने सारखा केला, जसा रोज करत असतील तसा, आणि फडकं परत रांजणाला बांधलं.

आमचा वर्ग चार महिने चालला. तिसरी पाळी आधी बंद पडली, मग दुसरी. अंधारात एक मास्तर हौद्याच्या कडेला ठेचकाळले, पाऊल मुरगळलं, आणि मग सगळ्यांनाच कारण मिळालं. माझं वजन दोन किलो उतरलं, पुन्हा तीन किलो वाढलं. साळव्यांच्या व्यायामशाळेत वस्तीतली पोरं जोर काढत, ते मी येता-जाता लांबून ऐकत असे. शिट्टी एकदम साफ वाजायची.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. त्यानंतरच्या हिवाळ्यात ओढ्याकाठी दोन भावांत बांधाचा वाद लागला. दोघेही गावातले शेतकरी, एकमेकांचं तोंड न बघणारे. मोजणीला मला पाठवलं. पंच म्हणून पाचजण आले, त्यांत साळवेही होते, कारण एका बाजूची हद्द वस्तीला लागून होती. धाकटा भाऊ ऐकेना. मोजणीदाराला फितवलंय, असं तो सगळ्यांसमोर ओरडला.

साळवे पुढे झाले. मी टेपचं टोक हातात घेऊन उभा होतो.

"गप रं," ते म्हणाले. "ह्या मानसाबद्दल बोलू नगंस. ह्यांनी आमच्या तालमीवर शेरा मारला हुता. पानी न्हाई म्हनून. माझी बायको आजूनबी म्हन्ती, खोटा हुता. मी तिला सांगतो, उनीव आपली हुती. आमचं मोठं काम गेलं त्याच्यापायी, तरी म्या सांगतो — ह्यांनी लिवलेलं खोटं नसतं."

धाकटा भाऊ बाजूला सरकला. पंच माना हलवू लागले. साळव्यांनी टेपचं दुसरं टोक उचललं आणि पलीकडच्या दगडापाशी जाऊन ताठ उभे राहिले. मी टेप ताणली, खाली वाकलो आणि आकडा वाचला. एकशे बारा फूट. त्यांनी तो मोठ्याने परत म्हटला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.