कांद्याच्या मुळांना कॅफीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? — माहीत नाही. पण पश्चात्तापाने पोळून निघालेय वगैरे समजू नका. राग अजून आहे, हे आधीच सांगून टाकते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते — एम.एस्सी. होऊनही बाटल्या धुणारी. पाटणकर सर अधिव्याख्याते. पीएच.डी.ला विषय शोधत होते, तो मीच दिला. पेशीतला डीएनए तुटला की पेशी विभाजन थांबवते. पण तुटल्याचं तिला कळतं कसं, आणि थांबवतं कोण? मी सरांना म्हटलं, माझे वडील मिरकरवाड्याचे तांडेल, होडीवर त्यांचा शब्द चालतो. जाळं फाटलेलं आधी एकाच्या हाताला लागतं, तो बाकीच्यांना हाका मारतो, आणि सांधून झाल्याशिवाय वडील होडी लोटू देत नाहीत. पेशीतही असं कोणीतरी असणार.

पुढे सरांनी सेमिनार घेतला. प्रश्न माझा, जाळं माझं, तांडेलसुद्धा माझाच बाप. बंदरावरून जाताना नाकाला रुमाल लावणारा हा माणूस फळ्यासमोर उभा राहून जाळी सांधत होता. कुणीतरी माझ्याबद्दल विचारलं, तर हसून म्हणाले, "बाई काचा फार स्वच्छ धुतात." सगळे हसले. मीही हसले — ते माझं हसणं मला अजून डाचतं.

मग मी काय केलं?

सरांनी कांद्यांना मुळं फुटवली आणि गावातल्या एका डॉक्टरांच्या एक्स-रे मशीनखाली धरून आणली. त्या मुळांच्या टोकाच्या पेशी काही तास विभाजन थांबवतात, हे मुंबईहून येणाऱ्या गाइडना दाखवायचं होतं. त्यावर पीएच.डी.ची नोंदणी, आणि नोंदणीवर नोकरी टिकणं. कांदे पाण्यात ठेवायचं काम अर्थात माझं. एका जुन्या नियतकालिकात मी वाचलं होतं, की कॅफीन दिलं तर हे थांबणं सुटतं. पेशी तुटक्या डीएनएनिशी तशाच विभागत राहतात. आणि शेजारच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलं दरवर्षी प्रॅक्टिकलला चहाच्या पावडरीतून कॅफीनच तर काढायची. त्याचे सुयांसारखे पांढरे स्फटिक बशीत तसेच पडून असायचे. — आलं ना लक्षात?

गाइड आले, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी थांबल्याच नव्हत्या. तुटके तुकडे घेऊन खुशाल विभागत होत्या. गाइड म्हणाले, इजा दिसतेय, पण थांबणं कुठाय? तुमची कल्पनाच पोकळ आहे. सरांचा चेहरा पार उतरला, आणि मला — खोटं कशाला बोलू — गोड वाटलं.

सर माझ्याकडे वळले. "बाई, पाण्यात काही पडलं होतं का हो?"

"नाही सर. साधं पाणी होतं."

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. नाही. त्या क्षणी मला आणखी एक गोष्ट लख्ख कळली होती. कॅफीनमुळे थांबणं सुटलं, म्हणजे थांबवणारं आत कोणीतरी होतंच की. त्याच काचपट्ट्या सरांची बाजू खरी ठरवत होत्या — सरांची कसली, माझी. मी एक वाक्य बोलले असते तर त्यांची नोकरी वाचली असती आणि कल्पना माझी होती हे सांगायची सोयही झाली असती. मी गप्प बसले. मला खरं ठरायचं नव्हतं, त्यांना पडलेलं बघायचं होतं.

आता त्या राखणदार प्रथिनांना नावं आहेत. तुटलेल्या टोकाला आधी कोण चिकटतं, ते कुणाला बोलावून आणतं, विभाजन कोण रोखून धरतं — वर्षानुवर्षं मी हे वर्गात शिकवलं. शिकवताना सरांचा तो चेहरा आठवायचा, आणि दरवेळी आधी गोडच वाटायचं. लाज मागाहून यायची. कधी यायचीही नाही.

सरांची नोंदणी झाली नाही, नोकरी गेली. रत्नागिरी सोडताना ते प्राचार्यांना सांगून गेले, माझ्या जागी बाईंना घ्या, त्यांच्या कामात खोट नसते.

ती जागा मी घेतली. निवृत्त होईपर्यंत सोडली नाही.