दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेली गोळी

आमचा मामा नाट्यगृहाच्या बाल्कनीचा डोअरकीपर. अंधारात टॉर्च दाखवून माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. मी तिथेच तिकीट खिडकीत बसते, म्हणून त्याचा दरारा मला ठाऊक. दुसऱ्याच्या खुर्चीत कोणी ठाण मांडलेलं त्याला खपत नसे. मंत्र्याचा मेहुणा असला तरी मामा उठवणार म्हणजे उठवणारच.

अशा माणसाचा हात थरथरू लागला. टॉर्चचा उजेड खुर्चीच्या नंबरावर ठरेना, पावलं फरफटायला लागली. स्वारी घेऊन आलीय, असं प्रेक्षक कुजबुजायचे. मामाने आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. हंगाम संपला की बाल्कनी सोडा आणि खाली सायकल स्टँडवर बसा, असं मॅनेजरने सांगून टाकलं. मामा त्या दिवशी जेवला नाही. मॅनेजरचं तोंडही पाहू नये असं मला झालं.

मी मामाला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांना कंपवाताची शंका आली. दुसरं काही औषध चालू आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मामाने ठामपणे नाही म्हटलं, आणि तो खोटं बोलत नव्हता. पुढच्या खेपेला मात्र तो दुपारचा खेळ संपवून गणवेशातच दवाखान्यात आला. रुमाल काढताना खिशातून गोळ्यांचं पाकीट पडलं.

हे काय, असं बाईंनी विचारल्यावर मामा म्हणाला की ते औषध नाही, ड्रेसबरोबरचं सामान आहे. बाल्कनीच्या उभ्या पायऱ्यांवर पूर्वी कधीतरी त्याला चक्कर आली होती. तेव्हापासून डोक्यावर टोपी चढवावी तशी तो खेळाआधी चकरेची गोळी घ्यायचा. गणवेश नाट्यगृहातच टांगलेला, त्यामुळे घरात कोणाला पत्ता नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

"काका, मेंदूत डोपामिन नावाचा निरोप्या असतो," बाई म्हणाल्या. "तो आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसला की हातापायांना नीट हुकूम जातो. ही गोळी त्याच खुर्चीत बसते, पण हुकूम देत नाही. नुसती जागा अडवते."

मामाने जरा विचार केला. "म्हणजे तिकीटवाला दारात उभा, आणि हिने खुर्ची पटकावलेली?"

"हो. दोघांची चढाओढ. गोळीची गर्दी ओसरली की तिकीटवाल्याला जागा मिळेल. आत खरा कंपवात दडलेला नसेल तर."

ते कळायला किती दिवस लागतील, हे मी लगेच विचारून घेतलं.

बाईंच्या सांगण्यावरून गोळी बंद झाली. मामा कठडा धरून पायऱ्या चढू लागला. कित्येक आठवडे काही फरक दिसेना. तो चिडचिडा झाला आणि मीही. मग एका सकाळी त्याने शर्टाची बटणं स्वतः लावली.

हंगामाच्या शेवटच्या खेळाला मी खिडकी बंद करून बाल्कनीच्या दारात जाऊन उभी राहिले. मॅनेजरही आला होता. एक गृहस्थ भलत्याच खुर्चीत ऐसपैस बसले होते आणि तिकीट हातात धरून एक बाई ताटकळत होत्या. मामाने टॉर्च लावला. उजेड नंबरावर पडला आणि तिथेच थांबला.

मी कोणाला काय त्रास देतोय, गुपचूप तर बसलोय, असं गृहस्थ कुरकुरले.

"गुपचूप बसणारेच फार त्रास देतात," मामा म्हणाला. "उठा साहेब. ज्यांची जागा, त्यांना बसू द्या."

सायकल स्टँडला आता दुसरा माणूस बघावा लागणार, असं मॅनेजर माझ्याशेजारी पुटपुटला. मला रडू आवरेना. मामाने टॉर्च माझ्याकडे वळवला आणि दारातून बाजूला हो म्हणून खुणावलं.